बिनरेघेची पाटी

मी तेव्हा औषधांच्या कंपनीत डब्यांवरची लेबलं तपासायचो. नोकरी अशी, की चूक झाली तरच मी आहे हे लोकांना कळायचं. एकदा आमच्या आर्ट खात्याने टाकून दिलेलं एक जाड पुस्तक घरी आणलं आणि मला कलेची बाधा झाली.

पुस्तक होतं जर्मनी-स्वित्झर्लंडकडच्या डिझायनर मंडळींचं. यांनी म्हणे छपाईतली सगळी वेलबुट्टी झाडून काढली. नक्षी नको, झालर नको, कागद मोकळा सोडा. एका पठ्ठ्याने तर कॅपिटल अक्षरंच हद्दपार केलेली. ते वाचून मी आमच्या टीव्हीवरचं क्रोशाचं कापड काढलं. बायकोने ते परत घातलं.

आम्ही नुकतेच दादरहून लांबच्या उपनगरात, सिल्व्हर पार्कला तळमजल्यावर राहायला आलो होतो. बायको दादरच्या शाळेतून रजेवर होती. घरीच मराठीची शिकवणी काढायची, जूनपर्यंत पाच मुलं मिळाली तर राजीनामा, नाहीतर पुन्हा रोजचं दादर, असं तिचं ठरलेलं.

"अहो, एक साधी पाटी तेवढी करून आणा," ती म्हणाली.

साधी! हा शब्द तिने माझ्यासमोर काढायला नको होता.

आता मराठीत कॅपिटल मुळातच नाहीत. हद्दपार करायचं काय? आठवडाभर डोकं खाजवलं, तेव्हा अक्षरांच्या डोक्यावरची रेघ दिसली. ती काढली तरी वाचायला काही अडत नाही. म्हणजे नक्षीच की!

केबिन रोडच्या पेंटरने पांढऱ्या पत्र्याच्या कोपऱ्यात 'मराठी शिकवणी' रंगवलं आणि ब्रश हवेत धरून विचारलं, "साहब, ऊपर का लाइन?"

"नहीं मारने का. मॉडर्न है."

"आपका बोर्ड, आपकी मर्जी."

पाटी लागली. आठवडाभर एकही मराठी माणूस फिरकला नाही. आठव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे काका आले, तेही चप्पल न काढता दारातच थांबले.

"वहिनी, इथल्या दुकानदारांचं सोडा, पण तुम्हीसुद्धा गुजरातीत पाटी लावलीत?"

बायकोने बाहेर येऊन पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर इतकी मोकळी जागा त्या जाड पुस्तकातही नव्हती.

रविवारी पाटी उतरवायची असं ठरलं. शनिवारी समोरच्या विंगमधल्या गुजराती बेन मुलाला ओढत घेऊन आल्या. "भाभी, बोर्ड देखा. ये मराठी में हर बार लटकता है. आप गुजराती में समझाके पढ़ाते हो ना?"

"थोडा थोडा आता है," बायको म्हणाली. शाळेतल्या गुजराती पालकांशी बोलून बोलून तिला खरंच येत होतं.

मग त्यांच्या जाऊबाई आपली दोन मुलं घेऊन आल्या, मग जेसल पार्कला राहणारी त्यांची बहीण तिची तीन. सहा झाली. बायकोचा राजीनामा शाळेत गेला. मी दोन दिवस कॉलर ताठ करून फिरलो.

शिकवणीच्या पहिल्या दिवशी मी आतल्या खोलीतून कान देऊन ऐकत होतो. "अक्षर झालं, की वर सरळ रेघ द्यायची," बायको सांगत होती.

"टीचर, बाहर बोर्ड पे तो लाइन नहीं है!"

"तो बोर्ड सरांनी केलाय. सरांचं मराठी कच्चं आहे. उद्यापासून तेही तुमच्याबरोबर बसणारेत."