झाकण खिशात, बाटली उन्हात

मंडळी, आज करावे गावच्या तळ्यावर घोळ घातला.

शेजारची स्मिताताई पाण्यावर संशोधन करते. ती म्हणते, पाण्यातही हलकं-जड असतं. हलकं आधी उडतं. जड किती उरलं, त्यावरून तळ्याची किती वाफ झाली ते कळतं. त्यासाठी तिने मला तळ्याचं पाणी आणायला पाठवलं. बाटली काठोकाठ भरून लगेच झाकण लावायचं, नाहीतर बाटलीतलंही हलकं उडून जातं.

मी भरली, उन्हात ठेवली, आणि जाळं शिवणाऱ्या काकांशी गप्पा मारत बसलो. दोन तासांनी खिशात झाकण सापडलं. गुपचूप लावून बाटली ताईला दिली.

"लगेच लावलंस ना रे?"

"हो... नाही, ताई. दोन तासांनी."

तिने बाटली कुंडीत ओतली. "गाढवा, तुझा टाइमपास मी तळ्याच्या नावावर लिहिला असता!"

उद्या परत जातोय. खरं सांगा, तुम्ही कुणाच्या नावावर बिल फाडलंय?