दारातली कोरफड

डाळजहून आतेभावाचा, बापूदादाचा फोन आला तेव्हा मी बारामतीत गॅसवर दूध ठेवलं होतं. "आई गेली गं," एवढंच तो बोलला. दूध उतू गेलं, भांडं उतरवताना मनगटाला चटका बसला... आणि सवयीनं पहिली आठवण झाली ती शकुआत्याच्या कोरफडीची.

आत्याच्या दारात रंगाच्या रिकाम्या डब्यांत कोरफड माजलेली असायची. उसाच्या पात्यांनी ओरखडलेले हात घेऊन बायका यायच्या, उन्हानं सोललेली नाकं घेऊन पोरं. आत्या पान कापायची आणि पेल्यात उभं करून ठेवायची. पिवळा चीक पुरता गळेपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाही. मी नवी पदवीधर, शहाणी! कापलं पान तसंच हाताला चोळलं आणि कोपरापर्यंत खाज सुटली. "कालेज शिकलीस, थांबायला न्हाय शिकलीस," आत्या म्हणाली. एकदा शेजारच्या तात्यांच्या पायावर उकळतं पाणी सांडलं, तेव्हा मात्र तिनं पानाला हातही लावला नाही. "ह्येला पान न्हाय, दवाखाना लागतोय," म्हणून त्यांना रिक्षात बसवून दिलं.

काटेरी झाड दारात असलं की घरात भांडणं होतात, असं सगळा गाव तिला सांगायचा. ती फणकारायची, "भांडणं माणसं करत्यात, झाडाचं नाव कशाला?" ती होती तोवर कुणाची डब्यांना शिवायची छाती झाली नाही. तेराव्याला मात्र एक पाहुणे म्हणाले, "त्या काट्यांनीच घात केला." बापूदादा मुकाट्यानं डबे उचलून उकिरड्याकडं निघाला. मी थोरामोठ्यांपुढं बोलणारी नव्हे, पण त्या दिवशी बोलले. "ब्याऐंशी वर्षं जगली ती! अजून किती जगवायचं होतं त्या झाडानं?" बापूदादाच्या हातातला एक डबा मी ओढून घेतला आणि एसटीत मांडीवर ठेवून बारामतीला आणला. काटे सारखे टोचत होते.

आता तो माझ्या फ्लॅटच्या दारात आहे. सासूबाई म्हणतात, मागच्या गॅलरीत ठेव. नाही ठेवणार. येताजाता कुणाच्या तरी पोटरीला काटा ओरखडतो, तो माणूस कुरकुरतो, झाड हलवायला सांगतो. मी पान कापते, पेल्यात उभं करते आणि त्याला खुर्ची देते.

"बसा जरा. आधी पिवळं गळू दे."