तांदळातलं नाव

लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांत अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, तेव्हा सगळ्या बायका वाकून बघत होत्या. मीही वाकून बघितलं. अक्षर बरं होतं. नाव ठेवताना आत्येसासूबाईंना विचारलं होतं, मला नव्हे. त्या तांदळांचं पुढे काय झालं कोण जाणे, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

वीस वर्षांनी मी गोष्ट लिहायला घेतली, दिवाळी अंकासाठी. जामसंड्याच्या आमच्या घरात लिहायला जागा म्हणजे शिलाई मशीनची फळी. माझी युक्ती साधी होती. लग्नापर्यंत नायिकेला तिच्या माहेरच्या नावाने लिहायचं आणि अक्षता पडल्या की पुढच्याच वाक्यापासून सासरच्या. खुलासा कुठेही करायचा नाही. नंतर ती 'मोठी सून', मग कोणाची तरी 'आई'. शेवटच्या पानावर ती नोकरीसाठी एकटी एसटीत बसते, तिथे तिचं पहिलं नाव परत द्यायचं. ही सुटली, एवढं त्या एका शब्दातून कळावं. ती सुटली असती तर मीही थोडी सुटले असते, म्हणून तर सगळा खटाटोप.

आठ दिवस ते एक वाक्य जमेना. नाव लिहायची आणि खोडायची. आतून हाक आली की वही मिटून 'आले, आले' करत उठायची.

आधीची पानं संपादकांना पाठवली होती. त्यांचा फोन आला.

"बाई, गोष्ट छान आहे, पण नाव एकच ठेवा. वाचक गोंधळतो."

मी तडकले. म्हटलं, "अहो, एवढं होऊन ती बाई गोंधळत नाही, तर वाचक कसा गोंधळेल?"

त्याच आठवड्यात मी थांब्यावर गाडीची वाट बघत होते. मागे कोणीतरी कोणाला तरी हाका मारत होतं. एकदा, दोनदा, तीनदा. मला वाटलं, काय ही बाई, ओ तरी द्यावी. एवढ्यात पाठीत धपाटा बसला. माझ्या माहेरची, आरोंद्याची शाळेतली मैत्रीण!

"गो, बहिरी झालंस काय? केदवापासून हाक मारतंय!"

"गाड्यांचो आवाज गो," मी म्हटलं. रस्त्यावर तेव्हा एक रिक्षा होती, तीही बंद. माझा मलाच इतका राग आला, की तिच्या मुलाबाळांची चौकशी करायचीही राहून गेली.

घरी येऊन शेवटचं पान पुरं केलं. नायिका थांब्यावर उभी आहे. मागून तिच्या माहेरच्या नावाने हाक येते. कोणाला बोलावतात म्हणून ती आजूबाजूला बघते.

त्याखालच्या शेवटच्या वाक्यात मी तिचं सासरचं, तांदळातलंच नाव लिहिलं. या वेळी खोडावंसं वाटलं नाही.