पुसलेल्या फोनमधला साडेचारचा अलार्म

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आजही आहे असं छातीठोकपणे म्हणणार नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टर. ऑफिस बेंगळुरूत व्हाइटफील्डला, पण बहुतेक दिवस घरून काम. कोणी म्हणालं ‘बग आलाय’, की मी म्हणणार, पुन्हा करून दाखव. भुतांच्या बाबतीतही माझी हीच अट होती.

छंद म्हणाल तर फोन. अपडेट बंद झालेला जुना फोन घ्यायचा, मूळ सिस्टीम उडवून दुसरी चढवायची, आयकॉनपासून आवाजापर्यंत सगळं आपल्या मनासारखं करायचं... मरायला टेकलेला फोन सुर्रकन चालू लागला की जो आनंद होतो, तो ज्याचा त्यालाच ठाऊक. बायको म्हणते, घरात चालू फोनपेक्षा उघडे फोन जास्त. म्हणू दे.

आम्ही हेब्बाळला, तळ्याच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर राहतो. खालच्या मजल्यावर सरोजाक्का. आम्ही साताऱ्याहून आलेलो, त्यांचं घराणं मात्र कित्येक पिढ्या बेंगळुरूचं. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. त्यांचा एकुलता एक मुलगा रघू, आम्ही इथे यायच्या आधीच बाइकच्या अपघातात गेला. मी त्याला कधी पाहिलेलं नाही.

या उन्हाळ्यात एक दिवस अक्का एक फोन घेऊन वर आल्या. रघूने स्वतःचा जुना फोन आईसाठी सजवून दिला होता — मोठी अक्षरं, स्क्रीनवर मोजून चार बटणं. आता चालू केला की नुसतं कंपनीचं चिन्ह यायचं आणि बंद पडायचा.

“स्वल्प बघ अप्पा,” त्या म्हणाल्या. “फोनचं काय नाही मला. माझ्या गोळीचा अलार्म त्याने आपल्या आवाजात भरलाय. दुपारी साडेचारला रोज बोलायचा. तो गेल्यावरपण बोलायचा. दुसरीकडे कुठंच नाही तो आवाज.”

मी म्हणालो, ठेवून जा, बघतो.

फोनला एक कुलूप असतं, बूटलोडर म्हणतात त्याला. ते उघडल्याशिवाय दुसरी सिस्टीम चढत नाही, आणि उघडलं की आतलं सगळं पुसलं जातं. हे मला माझ्या नावाइतकं पाठ आहे. पण साठेक फोनांवर हेच केलेलं. कानात ऑफिसची मीटिंग, फोन केबलला. रघूही आमच्याच पंथातला, कुलूप उघडायची परवानगी त्याने आत आधीच देऊन ठेवलेली. स्क्रीनवर इशारा आला, सगळा डेटा जाईल... आणि माझ्या बोटांनी सवयीने ‘हो’ दाबलं.

रघूचा आवाजही त्यातच गेला. दोन दिवस सगळे उपाय केले, काही मिळालं नाही. अक्का जिन्यात भेटल्या तर म्हणालो, “अजून बघतोय.” लाज वाटते लिहायला, पण म्हणालो. निदान फोन तरी चालू करून द्यावा म्हणून त्यात कोरी सिस्टीम टाकली आणि टेबलावर ठेवला. सिम नाही, वायफाय नाही, अलार्म नाही.

दुसऱ्या दिवशी साडेचारला तो बोलला.

“अव्वा, गोळी. चहाच्या आधी हं.” मग स्टीलचं झाकण पडल्याचा आवाज आणि कुणाचं तरी हसू.

क्षणभर आनंदच झाला — वाचला म्हणजे डेटा! पण केबल लावून आतला कोपरान् कोपरा शोधला. असली फाइलच नव्हती. नंतरच्या दिवशी माझा फोन शेजारी धरून रेकॉर्ड केलं. ऐकलं तर नुसता पंख्याचा आवाज. तिसऱ्या दिवशी मी तो बंद करून ठेवला होता. काळ्या स्क्रीनमधून तेच वाक्य आलं. तेव्हा मात्र मी घाबरलो.

तसाच खाली गेलो आणि अक्कांना सगळं सांगितलं. आधी माझी चूक, मग हे. त्या म्हणाल्या, “खोटं बोलत नाहीस ना? गोळी म्हटल्यावर पुढं काय येतं?”

“झाकण पडतं. आणि कुणीतरी बाई हसतात.”

“मी हसले ती,” असं म्हणून त्या खालीच बसल्या.

फोन त्यांच्याकडे ठेवला. आठवडाभर त्या रोज चारपासून तो मांडीवर घेऊन बसत. एकदाही वाजला नाही. त्यांनीच तो वर पाठवला, तर माझ्याकडे त्याच दिवशी वाजला. म्हणून दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. साडेचार झाले, पाच झाले. काही नाही.

“पुसलं तू,” त्या शांतपणे म्हणाल्या, “आणि तुझ्याशी बोलतो तो. माझ्यावर कसला राग रे त्याचा?”



मग असं ठरलं की फोन माझ्याकडेच राहील. पावणेपाचला अक्का वर येतात, दारातूनच विचारतात, “बोलला?” मी म्हणतो, बोलला. “सर्दी-बिर्दी नाही ना आवाजात?” नाही, चांगला आहे. “सरी, बरं,” म्हणतात आणि गोळी घ्यायला खाली जातात.

तो का वाजत होता, मला माहीत नाही. का थांबला, तेही नाही. गेले अकरा दिवस फोन गप्प आहे. अक्का रोज येतात, आणि मी रोज सांगतो, बोलला.