अरबी विंडोज पुसताना

भाई सौदीहून सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या बॅगेतून लॅपटॉप निघाला. तिथल्या ऑफिसनं टाकून दिलेला, जाडजूड, बॅटरी मेलेली, पण वायर लावली की चालणारा. आमच्या कोल्हारच्या घरात टीव्हीसुद्धा नव्हता. भाईनं तो माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "आता तुला रोज राहुरीला जायला नको."

राहुरीच्या एका छापखान्यात मी मराठी टायपिंग करायची. काम आवडायचं, जाणं-येणं नाही. लहानपणच्या पोलिओनं माझा डावा पाय बारीक राहिला होता, आणि एसटीची पहिली पायरी ज्यानं कुणी ठरवली त्याचे दोन्ही पाय धडधाकट असणार. दांडा धरून मी अंग वर ओढेपर्यंत मागचे लोक बाजूनं घुसून जागा धरायचे. पाय दुखला की खाडे व्हायचे. छापखान्याचे मालक माणूस चांगले. म्हणाले, "घरी टाइप करून फ्लॉपी पाठव, चालेल. पण लग्नसराईच्या आत बघ. नाहीतर मला रोज येणारी दुसरी मुलगी ठेवावी लागेल." मला ते काम सोडायचं नव्हतं. माझ्या पायाकडे न बघता माझ्या हातांचं कौतुक होईल अशी ती एकच जागा होती.

अडचण एवढीच, की लॅपटॉप अरबी होता. बटणांवर इंग्रजी आणि अरबी दोन्ही, पण आतलं विंडोज पूर्ण अरबी. मेनू उजवीकडून उघडायचे, घड्याळ डाव्या कोपऱ्यात. मराठीचा फाँट टाकून 'शुभविवाह' टाइप केलं तर चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटली. असून अडचण, नसून खोळंबा. राहुरीत कॉम्प्युटरचा क्लास चालवणारे सर म्हणाले, यावर उपाय एकच. आतलं सगळं पुसायचं आणि इंग्रजी विंडोज नव्यानं टाकायचं. त्यांनी फ्लॉप्यांचा गठ्ठा दिला आणि सगळं दोनदा करून दाखवलं.

इकडे अम्मीनं लॅपटॉप हिरव्या कापडात गुंडाळून फडताळात कुराणशरीफच्या खालच्या फळीवर ठेवला होता. त्यावरची धूळ पुसायची तरी वुजू करून, नमाजाआधी धुतात तसे हात-तोंड-पाय धुऊन. एकदा मी पडद्यावरचे शब्द मोठ्यानं वाचले. लहानपणी मक्तबात, म्हणजे मशिदीतल्या शाळेत, मला अक्षरं जोडायला शिकवली होती, अर्थ कुणी शिकवला नव्हता, त्यामुळे वाचताना चाल आपोआप कुराणाच्या तिलावतीचीच लागली. अम्मीनं चुलीपाशी डोक्यावर पदर घेतला आणि शेवटी "आमीन" म्हणाली. नंतर मशिदीतल्या मौलवीसाहेबांनी पडदा बघून सांगितलं, की मी 'फाईल, छापा, खिडकी बंद करा' एवढंच वाचलं होतं. मला हसू आवरेना. अम्मी हसली नाही.

"मतलब काय का असंना," ती म्हणाली, "अक्षर तर तेच हाय ना?"

आमच्यात अरबी अक्षरांचा कागद कचऱ्यात टाकत नाहीत. जीर्ण पानं कापडात बांधून वाहत्या पाण्यात सोडतात. त्याला ठंडं करणं म्हणतात. आमच्या घरची पानं प्रवरेत जायची. म्हणून तिचा पुढचा प्रश्न अगदी सरळ होता.

"यातली पुसलेली अक्षरं कुठं जात्यात?"

"कुठंच नाही जात."

"कुठंच न्हाई म्हंजे?"

हे मला सरांनी शिकवलं नव्हतं. मी म्हणाले, "बटणांवरची राहतील की."

"म्हंजे तू रोज त्याच्यावर बोटं आपटनार?"

मी सांगून पाहिलं, की सौदीत हीच अक्षरं साबणाच्या वडीवर आणि चपलांच्या खोक्यावरही असतात, भाईच सांगत होता.

"तिथं असत्याल," ती म्हणाली. "हितं न्हाई."

मला भयंकर राग आला. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं म्हणायला सोपं आहे. आपल्याला रोज ताट वाढणारी बाईच 'जन' झाली की अवघड जातं. तरी मी ठरवलं होतं, पुसायचं म्हणजे पुसायचं.

पुसण्याआधी सगळ्या फ्लॉप्या एकेक घालून वाचून पाहिल्या. अर्ध्यात अडकले असते तर अरबीही गेलं असतं आणि इंग्रजीही आलं नसतं. एक फ्लॉपी नुसती घरघर करत राहिली. मग पडद्यावर अरबीत काहीतरी लांबलचक आलं, पण शेजारच्या लाल फुलीचा अर्थ विचारायला मौलवीसाहेब लागत नव्हते. दुसऱ्या दिवशी तेवढ्या एका फ्लॉपीसाठी पुन्हा राहुरी. सरांनी नवी करून दिली. परतताना कोल्हारच्या स्टँडवर मी शेवटच्या पायरीवर असतानाच गाडी हलली आणि मी खडीवर पडले. फ्लॉपीचा हात तेवढा वर धरला होता. गुडघा चांगलाच फुटला.

घरी अम्मीनं जखम धुतली आणि हळद दाबली. मी दात आवळून म्हणाले, "उद्या सकाळी मी ते पुसणार आहे. तू नको म्हणालीस तरी." ती हळद दाबत राहिली.

सकाळी लाईट आली तशी मी लॅपटॉप फडताळातून काढला. अम्मी वुजू करून, डोक्यावर पदर घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. अडवायला आली असणार, असं मी धरून चालले. पहिली फ्लॉपी घातली, पडदा काळा झाला, पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी सूचना आली. आतलं सगळं नाहीसं होईल, पुढे जायचं का? हो असेल तर वाय, नाहीतर एन.

आणि माझं बोट हलेना. इतके दिवस मीच भांडत होते, पण त्या क्षणी मक्तबातली चटई आठवली, अलिफवर, त्या पहिल्या अक्षरावर, ठेवलेलं माझं बोट आठवलं. हा गुन्हा तर नसेल, असा प्रश्न मला पहिल्यांदाच पडला, तोही नेमका नको त्या वेळी. मी खरोखर घाबरले.

"काय इचारतंय ते?" अम्मी म्हणाली.

"पुसू का म्हणून."

"हो म्हनायला कंचं बटन?"

मी दाखवलं. तिनं माझं मनगट धरून हात बाजूला ठेवला. बिस्मिल्ला म्हणाली आणि आपल्या एका बोटानं वाय दाबलं. मी सांगितल्यावर एंटरही तिनंच दाबलं.

"वर जाब द्यायचा झाला तर मी देईन," ती म्हणाली. "तुझं नाव नगं त्यात."

पडद्यावर टक्के चढू लागले. ते भरल्यावर एकामागून एक फ्लॉप्या घातल्या, ती नवीही सुरळीत वाचली गेली. दुपारपर्यंत इंग्रजी विंडोज उघडलं, मेनू डावीकडे आले. मराठीचा फाँट टाकला आणि 'शुभविवाह' टाइप केलं. उकारासकट नीट उमटलं. मी ते अम्मीला वाचून दाखवलं. तिनं मान हलवली आणि भाकरी थापायला उठली.

मला राहवेना. "अम्मी, बटण दाबताना भीती नाही वाटली?"

"वाटली की. आजून वाटती." तिनं परातीत पीठ घेतलं. "पन काल तू गुडघा फोडून दारात हुबी ऱ्हायलीस तवा त्याच्यापरीस लई वाटली."