रज्जाक टायरवाल्याच्या जावयाची चाकं

नागापूरच्या एमआयडीसीत शिरताना डाव्या हाताला टायरचं एक दुकान लागतं. तिथं हवा फुकट मिळते आणि अपमानही. हवा निदान मागावी लागते, अपमान न मागता मिळतो.

दुकान रज्जाक शेखचं. एकतीस वर्षं तो एकाच लोखंडी खुर्चीत बसून रस्त्याकडे बघतोय आणि बघतो ते फक्त खाली, चाकांकडे. माणसाच्या तोंडावर त्याचा विश्वास नाही. तोंड धुता येतं, त्याला पावडर फासता येते. टायर मात्र मालकाची सगळी लक्तरं चव्हाट्यावर मांडतं. टायर एका कडेनं झिजलं असेल तर मालक कामचुकार. दोन्ही कडा झिजून मधलं शाबूत असेल तर आळशी, हवा भरायचाही कंटाळा. मधलंच तेवढं झिजलं असेल तर फुगीर, गरजेपेक्षा जास्त हवा भरून घेणारा. आणि टायरचा गोटा झाला असेल, म्हणजे खाचा पार झिजून ते नदीतल्या दगडासारखं गुळगुळीत झालं असेल, तर तो माणूस रज्जाकच्या लेखी माणसातच जमा नाही.

एकदा हाडांचा एक डॉक्टर भारी गाडी घेऊन हवा भरायला आला. चारही टायर गोटे. रज्जाकनं निमूट हवा भरली आणि विचारलं, "डॉक्टरसाहेब, पेशंट कमी पडत्यात काय? सोताच तयार करायला निघालाय?" काष्टीच्या बाजारातून गाय घेऊन आलेल्या पिकअपवाल्याला म्हणाला, "गाईचे दात मोजून घेतलेस ना? मग टायरचे कुनी मोजायचे, गाईनं?" डॉक्टर चडफडला, पिकअपवाला ओशाळला आणि दोघांनीही त्याच आठवड्यात टायर बदलले. लोक शिव्या खाऊन परत येत, कारण रज्जाक बोलायचा ते खरं असायचं. आपल्या बोलण्यानं कुणाचा जीव वाचला असेल असा विचार मात्र रज्जाकच्या मनाला कधी शिवला नव्हता. त्याला आवडायचं ते समोरच्याचं पडलेलं तोंड. बायको इमामबी म्हणायची, "तुमच्या जिभंला हाड न्हाई." रज्जाकला ती स्तुती वाटायची.

त्याची एकुलती लेक सुमैरा. दुकानाच्या मागंच घर, त्यामुळे पोरगी रबराच्या वासात वाढली. दोन वर्षांपूर्वी तिला पुणतांब्याला दिली. सासऱ्याची पेरूची बाग, गोदावरीच्या काठाला जमीन, माणसं सालस. नवरा आवेज, तोही वाईट नव्हता. निर्व्यसनी, कष्टाळू, नुसता हौशी. पण काही माणसांची हौस अशी असते की तिच्यापुढे व्यसन परवडलं. व्यसनी माणसाला निदान आपण चुकतोय हे ठाऊक असतं.

गेल्या बकरीदला जावई-लेक आली. रज्जाक दारात स्वागताला उभा होता आणि सवयीनं त्याची नजर खाली गेली.

दहा वर्षांची साधी पांढरी गाडी. पुढची चाकं काटकुळी, सायकलला शोभतील अशी. मागची रोडरोलरची. आणि त्या मागच्या टायरांवर खाच म्हणून नव्हती. झिजलेली नव्हती, मुळातच नव्हती. जन्मभर ज्यानं लोकांना "गोटे फेकून द्या" म्हणून घसा कोरडा केला, त्याच्या जावयानं नवेकोरे गोटे विकत आणून गाडीला लावले होते.

ती ड्रॅग शर्यतीची चाकं होती. कोरड्या ठाक, सरळ पट्टीवर चारशे मीटर जीव खाऊन पळायचं, एवढंच त्यांचं काम. रबर कणकेसारखं मऊ, कारण सुटताना ते जमिनीला चिकटलं पाहिजे. खाचा नाहीत, कारण तिथं पाणी नसतं, आणि पाणी कापायचं नसेल तर खाचा कशाला? शर्यत संपली की शहाणी माणसं ही चाकं काढतात, साधी चढवतात आणि घरी जातात. आवेज पुण्याकडच्या कुठल्याशा धावपट्टीवर एकदाच पळाला होता. चौदा गाड्यांत चौदावा. पण चाकं काही त्यानं काढली नाहीत. त्याच चाकांवर तो राहात्याला पेरूचे क्रेट पोचवायचा, त्याच चाकांवर किराणा आणायचा आणि त्याच चाकांवर बायकोला फिरवायचा. पेरूला कसली शर्यत लागली होती ते त्यालाच ठाऊक.

आणखी एक गंमत रज्जाकला एका नजरेत कळली. ही गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी. म्हणजे शर्यतीला का होईना, रुंद चिकट टायर पुढं हवेत. या दिवट्यानं परदेशातल्या गाड्यांचे फोटो बघून ते मागं लावले होते. जी चाकं गाडी ओढणार, वळवणार, थांबवणार, ती काटकुळी. आणि जी नुसती मागून फरफटत येणार, ती पैलवान. चौदावा आला याचं रज्जाकला नवल वाटलं नाही. पंधरावी गाडी नव्हती, हे आवेजचं नशीब.

"कशी वाटती, मामू?" आवेजनं बॉनेटवर हात ठेवून विचारलं.

रज्जाकच्या तोंडात त्या घटकेला निदान सात वाक्यं तयार होती, एकाहून एक जहाल. त्यानं इमामबीकडे बघितलं. इमामबीनं डोळे वटारले.

कारण घरात एक दाखला होता. इमामबीच्या भावानं एकदा जेवताना आपल्या जावयाला मोटारसायकलच्या कर्कश सायलेन्सरवरून एक शब्द सुनावला. जावई भरल्या ताटावरून उठला, आणि पुढं दोन वर्षं लेकीला माहेर दिसलं नाही. तेव्हापासून घराण्याचा कायदा झाला होता: जावयाला खाऊ घालायचं, कपडे करायचे, अक्कल शिकवायची नाही.

"जोरदार!" रज्जाक म्हणाला. "लई जोरदार, आवेजमियाँ."

डॉक्टरला बोलला, पिकअपवाल्याला बोलला, एकदा तर फौजदारालाही बोलला. पण ज्याच्यावाचून आपलं काही अडत नाही त्याला बोलायला कसली छाती लागते? जिथं छाती लागणार होती, तिथं या वाघानं शेपूट घातलं.

गिळलेली सात वाक्यं रात्रभर पोटात ठसठसली, आणि सकाळी दुकान उघडताच ती पहिल्या गिऱ्हाइकासमोर बाहेर पडली. पहिलं गिऱ्हाईक होता छगन. एमआयडीसीतला माल राहुरी-राहात्याकडे पोचवणारा टेम्पोवाला आणि हसायला कायम तयार.

"माझ्या जावयाची गाडी बघितलीस का, छगन? पुढं बगळा, मागं म्हैस!"

एवढं म्हणून रज्जाक उठला आणि दुकानापुढं चालून दाखवू लागला. पावलं टाकायची बारीक, चवड्यावर, आणि मागचा भाग डुलवायचा. छगन पोट धरून हसला. दुपारी दोन ट्रकवाले हसले. आठवड्यात त्या गोष्टीला चाल बसली, कुठं थांबायचं, कुठं डोळा मारायचा ते ठरून गेलं. "आन उलटी बसवली रं, उलटी! कपाळाला चप्पल आन पायाला टोपी!" हे शेवटचं. श्रावण संपेपर्यंत मनमाड रस्त्यावरच्या निम्म्या ड्रायव्हरांना रज्जाकच्या जावयाची चाकं पाठ झाली होती. एका जावयाला तेवढी ठाऊक नव्हती.

सुमैराला दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात तिचा फोन आला.

"अब्बा, ती गाडी ओल्या रस्त्यावर घसरती. मागची बाजू पुढं यायला बघती. तुमी बोला ना ह्यांना. तुमी टायरवाले, तुमचं ऐकतील."

"बोलतो की," रज्जाक म्हणाला.

आणि बोलला. छगनशी. "लेक म्हनती, म्हैस आता नाचाया लागली!" छगन पुन्हा हसला.

सातव्या महिन्यात तिनं परत फोन केला. ऊस कारखान्यांचा हंगाम सुरू झाला होता, ट्रॉल्यांनी रस्त्यांवर चिखल आणून टाकला होता. "बोललात का, अब्बा?" तिनं विचारलं. "सवड बघून बोलतो. जावई मानूस हाय, तोलून मापून बोलावं लागतं," रज्जाक म्हणाला. ज्यानं जन्मात एक शब्द तोलला नव्हता, तो हे म्हणाला.

पहिलं बाळंतपण माहेरी. आठवा महिना सरता सरता तिला आणायचं ठरलं. रज्जाक भाड्याची गाडी घेऊन जाणार होता, पण आवेजचा निरोप आला, "मामू, तुमी कशाला? मीच आनतो." आता नको म्हणावं तर जावयाच्या गाडीवर अविश्वास दाखवल्यासारखं. रज्जाकनं फोन लावला. त्याला एवढंच म्हणायचं होतं की चाकं बदलून या. "या सावकाश," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

जानेवारीतली सकाळ. पुणतांब्याहून दोन-अडीच तासांची वाट. आठला निघालेली माणसं साडेदहाला यायला हवीत. रज्जाक खुर्चीत बसून येणाऱ्या गाड्यांच्या चाकांकडे बघत होता, आणि येणारं प्रत्येक चाक चिखलानं माखलेलं होतं. अकरा वाजले. एका ट्रकवाल्यानं हवा भरता भरता सांगितलं, राहुरीच्या पलीकडं पाट फुटलाय, पाणी रस्त्यावर आलंय, त्यात ट्रॉल्यांचा चिखल. रज्जाकच्या हातातली हवेची नळी तशीच फुसफुसत राहिली. लेकीचा फोन लागेना. जावयाचा वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. एका गिऱ्हाइकाचं मागचं टायर पार गोटा होतं. रज्जाकनं ते बघितलं आणि नुसती हवा भरून दिली. इमामबी दारात येऊन दोनदा विचारून गेली.

एक वाजता छगनचा टेम्पो दुकानापुढं थांबला. केबिनमध्ये सुमैरा होती. उजव्या मनगटाला ओलं प्लॅस्टर, डावा हात पोटावर. तिच्या बाजूला आवेज, कपाळाला पट्टी.

इमामबी धावली. "बाळ?"

"बाळ ठीक हाय," आवेज म्हणाला. "राहुरीत दाखवलं. ठोके बरोबर हायेत म्हनले. फोन गाडीतच ऱ्हायले."

रज्जाकनं टेम्पोचं दार धरलं. पण छगनला कुठला धीर? खाली उतरताच त्यानं सुरू केलं.

"पाटाच्या पान्यात गाडी गरागरा फिरली, रज्जाकभाई, आन गेली रस्त्याकडंच्या चारीत! मी मागनंच येत हुतो. बघतो तर मागचं चाक वर. रुंद, गुळगुळीत. म्हनलं, अरं तिच्या, ही तर रज्जाकभाईची बगळा-म्हैस! वळख ना पाळख, पन चाकावरून वळकलं. उलटी बसवलेली, तुमी सांगता तश्शी!"

तो हसायला गेला आणि समोरची तोंडं बघून गप्प झाला. मग माल पोचवायचा राहिलाय म्हणाला आणि टेम्पो घेऊन निघून गेला.

आवेज सावकाश खाली उतरला होता.

"उलटी म्हंजे?" त्यानं विचारलं.

रज्जाकनं मान खाली घातली. "तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालती. रुंद पुढं पायजे हुती. शर्यतीला. रस्त्याला तर कुठंच नको."

"हे तुमाला कधीपासनं ठाव हाय?"

"बकरीदपासनं."

आवेजनं त्याच्याकडे बघितलं. रागानं नव्हे. गणित न सुटलेल्या पोरासारखं.

"शर्यतीत बी समदे हसत हुते," तो म्हणाला. "मला वाटलं, जळत्यात माझ्यावर. कुनी येऊन सांगितलं न्हाई. पन ती मानसं परकी हुती, मामू. तुमी का न्हाई सांगितलं?"

"तुमाला राग आला असता."

"आला असता. दोन महिने तोंड दाखवलं नसतं मी. मग?"

हा हिशेब रज्जाकनं कधी केलाच नव्हता. एका पारड्यात जावयाचा रुसवा आणि दुसऱ्यात लेक आणि तिच्या पोटातलं पोर, आणि या शहाण्यानं सात महिने रुसवा जड धरला होता.

सुमैरा इमामबीच्या खांद्याला धरून उभी होती. ती बापाशी बोलली नाही, नवऱ्याशी बोलली.

"मी तुमाला गाडीवरून कधी टोकलं न्हाई. भ्या वाटायचं, तरी बसायचे. अब्बांना सांगितलं हुतं मी. म्हनलं, एव्हाना ते बोलले असतील. त्यांना ठाव असून गाडी तशीच चालतीय म्हंजे भ्यायचं कारन न्हाई, असं वाटलं मला."

आवेजनं तिचा प्लॅस्टरचा हात खालून धरला. तिघं सावकाश दुकानाच्या बाजूनं मागं, घराकडे गेली. इमामबीनं आतून लोटलेल्या दाराचा आवाज झाला. रज्जाक बाहेरच उभा राहिला. घर त्याचंच होतं, पण आत या असं त्याला कुणी म्हणालं नव्हतं.