डावं पायडल आणि प्रदक्षिणा

माझ्या मुलीच्या बारशाला मी पोचलो, याचं श्रेय आमच्या अण्णांच्या शास्त्राला आहे. उशिरा पोचलो, तेही त्यांच्याच शास्त्रामुळे.

अण्णा म्हणजे माझे वडील. रत्नागिरीत त्यांची भिक्षुकी. जगात जे जे फिरतं ते प्रदक्षिणेच्याच दिशेने फिरलं पाहिजे, असा त्यांचा हुकूम. सहाणेवरचं चंदन, आमटीतला डाव, सगळं डावीकडून उजवीकडे. (ताकाच्या रवीला दोन्हीकडे फिरावं लागतं, म्हणून ताक घुसळताना अण्णा स्वयंपाकघरात पाऊलच टाकत नसत!)

इंदू, म्हणजे माझी बायको, बाळंतपणाला माहेरी, खाडीपलीकडे गोळपला गेली होती. मुलगी झाल्याचा निरोप आला होता, पण मी अजून तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं. बारसं दुपारी. आईचे गुडघे धरलेले, अण्णांची संध्याकाळी यजमानाकडे पूजा, म्हणून घरातून मी एकटाच जाणार होतो. आईने आपल्या जुन्या मऊ लुगड्याची कुंची शिवली होती, आणि ती घातल्याशिवाय नातीला पाळण्यात ठेवायचं नाही, असं तिने इंदूला आधीच बजावून ठेवलं होतं. चालत गेलो असतो तर भाट्याची खाडी होडीने ओलांडून, चढ चढून पोचेपर्यंत घुगऱ्यासुद्धा संपल्या असत्या. होडीत सायकलही चढत असे, म्हणून भिस्त सगळी तिच्यावर.

आणि सायकलचं डावं पायडल आदल्या आठवड्यात रस्त्यात कुठेतरी आपणहून गळून पडलं होतं! मुंबईच्या थोरल्या भावाने नवी जोडी बोटीने पाठवली, ती नेमकी बारशाच्या सकाळी पोचली. गावातला सायकलवाला नेमका हेदवीच्या गणपतीला गेलेला. म्हटलं, पायडल ते काय, स्क्रूच की! आपणच बसवू.

जुनं उजवं पायडल उलटं फिरवून काढलं. अण्णा ओटीवरून बघत होते.

"अण्णा, हे उलटं फिरवलेलं चालतं?"

"काढताना चालतं. विसर्जन ते!"

नवं उजवं पायडल प्रदक्षिणेने सुरेख बसलं. अण्णा समाधानाने देवघरात गेले आणि मी डाव्याकडे वळलो. एक फेरा दिला, पायडल खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं.

"खोबरेल लाव हो थोडं," आईने आतून सांगितलं.

खोबरेल लावलं. आता ते तेलकट होऊन पडायला लागलं! मग मला चेव आला. पाना लावला, दात-ओठ खाल्ले आणि जोर केला. कर्र! लोखंडाचा बारीक कीस बाहेर आला, तसा मी पाना सोडला. आटे बिघडले तर पायडल ज्यात बसतं तो दांडाच वाया, आणि नवा दांडा बोटीने येईपर्यंत माझी मुलगी रांगायला लागली असती.

हरलो. काढून ठेवावं म्हणून पायडल उलटं फिरवलं, तर ते चक्क आत शिरलं! आणखी एक फेरा दिला. लोण्यासारखं आत!

"आई, गेलं गो गेलं! उलटं फिरवलं की जातंय!"

ही आरोळी देवघरापर्यंत पोचली. अण्णा पळीसकट बाहेर.

"शिंच्या, थांब! नातीच्या बारशाला उलटे फेरे? काढ आधी!"

"अण्णा, डाव्याचे आटेच उलटे आहेत. त्याला मी काय करू?"

"ते सायकल बनवणाऱ्या साहेबाला विचार. माझ्या अंगणात काही उलटं फिरायचं नाही."

"मग पोचू कसा? मला बघायचीय हो ती!" माझा आवाज रडवेला झाला. बाप झालेला माणूस अंगणात पाना धरून रडकुंडीला आलेला बघून आईसुद्धा लंगडत बाहेर आली.

अण्णा पळी ओटीवर ठेवून सायकलभोवती हिंडले (प्रदक्षिणेनेच). मग म्हणाले, "देवळात फिरतं कोण रे?"

"आपण."

"आणि देव?"

"जागेवर."

"मग पायडलाला देव कर. तू पाना धरून बस, हलू द्यायचा नाहीस. दांडा मी फिरवतो, प्रदक्षिणेने!"

सायकल उलटी करून बैठकीवर उभी केली. माझा पाना अगदी आडवा, पण दांडा फिरेल तसा हात वर जायचा, खाली यायचा. मी उकिडवा बसून कढई ढवळल्यासारखा डुलत होतो आणि अण्णा सोवळ्यात, स्तोत्र पुटपुटत दांडा फिरवत होते. प्रत्येक फेऱ्याला पायडल आत! शेवटचा पीळ देऊन त्यांनी पायडल हलवून पाहिलं.

"घट्ट बसलं ना रे? वाटेत ते गळलं तर पडशील हो. आता तू कुणाचा तरी बाप आहेस."

एवढं हळवं ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. मी सायकल सुलटी केली, कुंची घेतली आणि टांग मारली.

गोळपला पोचलो तर ओटीवर बायका ताटकळलेल्या. सासूबाई म्हणाल्या, "इंदू ऐकेल तर शपथ! सासरची कुंची आल्याशिवाय पोर पाळण्यात घालायची नाही म्हणते."

इंदूने मुलीला कुंची घातली आणि तिला माझ्यापुढे धरलं. मी हरखून गालाला बोट लावलं, तर गालावर तेलाचा काळा ठिपका! सासूबाई पुसायला धावल्या.

"असू दे गो आई," इंदू हसत म्हणाली, "तीट लावायची राहिलीच होती."

घरी परतलो तेव्हा अण्णा फाटकातच उभे.

"पायडल राहिलं?"

"राहिलं."

"आणि... नात कशी आहे?"

"गोड आहे हो. पण हट्टी! उजव्या कुशीवर निजवली की भोकाड पसरते. डावीकडे वळवली की गप्प."

अण्णांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "दोन फेरे उलटे दिलेस ना? भोग आता!"

भोगतोय. आता घरातलं सगळं लेक म्हणेल त्या बाजूने फिरतं, अण्णासुद्धा! आणि मी आपला मधोमध पाना धरून उकिडवा.